एलएस7 लिफ्टरचा बनावट संच: माझे 1157 डॉलर 25 सेंट गेले ते असे

लिफ्टर म्हणजे इंजिनातल्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर चाकाने फिरणारा आणि पुशरॉड नावाच्या दांडीने व्हॉल्व्ह उघडणारा छोटा दंडगोल. बनावट निघालेल्या अशा संचाची ही कथा. आधी आकडे सांगतो, म्हणजे "जाऊ दे रे, शंभर-दीडशे डॉलरची तर गोष्ट" म्हणणारे गप्प बसतील. लिफ्टरचा संच 139.95. त्याने खाल्लेला कॅमशाफ्ट 398. दोन हेड गॅस्केट 94.60, हेड बोल्ट 82.40, पुशरॉड 119. ब्लॉक धुऊन कॅम बेअरिंग बदलायचे मशीन शॉपवाल्याने घेतले 265. ऑइल आणि फिल्टर 58.30. करा बेरीज. डीलरच्या काउंटरवर हाच संच 214.60 ला होता. म्हणजे 74 डॉलर 65 सेंट वाचवले म्हणून मी खूश होतो!

इंजिन 2004 च्या शेवरोले सिल्व्हराडो पिकअपमधलं, 5.3 लिटर, एलएस घराण्यातलं एलएम7, भंगारवाल्याकडून 450 ला आणलेलं. ते जायचं होतं 1985 च्या सी10 पिकअपमध्ये. कॅम मोठा, स्प्रिंग जड, त्यामुळे जुने झिजलेले लिफ्टर ठेवायचा प्रश्नच नव्हता. एलएस इंजिनात लिफ्टर काढायचा तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवावं लागतं. पूर्वीच्या शेवरोलेच्या स्मॉल-ब्लॉक इंजिनासारखं वरचं मॅनिफोल्ड उचललं आणि लिफ्टर उपसला, असं इथे होत नाही. म्हणून एकदाच चांगले घालू म्हटलं. जीएमचे (शेवरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्स) एलएस7 लिफ्टर, भाग क्रमांक 12499225, सोळाचा संच. इंजिन बांधणारा कोणीही हेच नाव घेतो. नक्कल करणाऱ्यांनाही ते माहीत असतं.

आणि मला "स्वस्तात घ्यायला गेलास" म्हणून सुनावू नका. नाव नसलेल्या साइटवरून मी काही मागवलं नव्हतं. सगळे वापरतात ती मोठी साइट, विक्रेत्याचं रेटिंग 99 टक्क्यांच्या वर, पैसे क्रेडिट कार्डने. माणसाने आणखी काय तपासायचं? नंतर खाली खाली जाऊन वाचलं तेव्हा कळलं की ते सगळं कौतुक लहान मुलांचे कपडे आणि फोनची कव्हरं विकल्याबद्दलचं होतं. जुनं खातं विकत घेऊन माल बदलायचा, हा खेळ तुम्हाला ठाऊक असेलच. तेव्हा रेटिंगचा आकडा बघू नका, रेटिंग कशाबद्दल मिळालंय ते वाचा.

आता तो क्षण. तो आठवला की अजून माझी झोप उडते.

फेब्रुवारी, गॅरेजमध्ये कडाक्याची थंडी. डबा बरोबर, लेबलवरचा क्रमांक बरोबर, लिफ्टरला तेल लावलेलं. एकेक हातात घेऊन अंगठ्याने खालचं चाक फिरवत होतो. पंधरा चाकं लोण्यासारखी फिरली. एक फिरता फिरता किंचित अडलं. अगदी किंचित. पुन्हा फिरवलं, त्याच जागी पुन्हा अडलं. चाकाच्या कडेला नखाला लागेल अशी बारीक धारही होती. खऱ्या लिफ्टरची कड अशी नसते, हे मला माहीत आहे. मेकॅनिकल इंजिनिअर आहे मी! पण थंडीने तेल घट्ट झालं असेल, अशी समजूत घातली. मायक्रोमीटर दोन हातांवरच्या खणात होता. व्यास 0.842 इंच असायला हवा. मोजायला दहा मिनिटं लागली असती. पण डब्यावर शेवरोलेचं नाव छापलेलं असताना कोण मोजत बसतं? पुण्यातला माझा मित्र, जो कारखान्यात आवक माल तपासतो, तो म्हणाला, "अरे, लेबल कोणीही छापतं, लिफ्टर मोज की." तेही कधी म्हणाला, तर सगळं झाल्यावर.

एप्रिलमध्ये इंजिन सुरू केलं. थंड असताना गोड आवाज. गरम झाल्यावर उजव्या बाजूने टिकटिक. आधी प्रिलोडवर, म्हणजे पुशरॉड लिफ्टरला किती दाबून बसतो त्यावर, संशय घेतला, पण पुशरॉडची लांबी मी मोजूनच घेतली होती. शेवटी ऑइल सोडलं, फिल्टर कापला. कागदाच्या घड्या उलगडल्या तर प्रत्येक घडीत चमचमता चुरा, आणि ड्रेन प्लगच्या चुंबकाला चिकटलेली एक सुई. लिफ्टरच्या चाकाखाली बेअरिंगच्या अशाच बारीक सुया असतात. त्या निसटल्या की चाक धुऱ्यावर घासतं, फिरायचं थांबतं आणि कॅमचा उंचवटा खरवडत बसतं. हेड उतरवलं तेव्हा सहाव्या सिलिंडरचा लोब, म्हणजे कॅमचा तो उंचवटा, खाल्लेला होता. मग सगळे मोजले. एकाच संचात 0.8417 पासून 0.8402 पर्यंत! एवढा फरक असला की लिफ्टरच्या बाजूने ऑइल निसटतं, आतला प्लंजर, म्हणजे दट्ट्या, खाली बसतो आणि टिकटिक सुरू होते. खरं सांगायचं तर तो आवाजच मेहेरबान होता, नाहीतर क्रँकही गेला असता.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की मी ब्रेक-इन, म्हणजे नवे भाग एकमेकांत बसवायला सुरुवातीला इंजिन जपून चालवणं, नीट केलं नाही. अरे, सपाट टॅपेटच्या (बिनचाकी लिफ्टरच्या) कॅमला सुरुवातीची वीस मिनिटं जपावं लागतं, रोलरला ती भानगडच नसते. ज्याला एवढंही कळत नाही तो लिफ्टर विकतो! वर म्हणे परतीची मुदत संपली. हिवाळ्यात सामान जमवायचं आणि वसंतात इंजिन लावायचं, हे इथे अमेरिकेत प्रत्येक जण करतो. या चोरांचा धंदा त्याच मधल्या महिन्यांवर चालतो. म्हणून इंजिन कधीही लावा, पण माल आला की त्याच आठवड्यात सोळाच्या सोळा मोजा, चाकं फिरवा, फोटो काढा.

मग बँक. बाईंनी शांतपणे बिलाबद्दलची तक्रार 60 दिवसांत करायचा नियम ऐकवला. मी म्हटलं, सदोष मालाची तक्रार वेगळी असते, कायद्यात तशी तरतूद आहे. आहेच ती, पण खरेदी 50 डॉलरच्या वर हवी, विक्रेता आपल्याच राज्यातला किंवा 100 मैलांच्या आतला हवा, आणि रक्कम कार्डावर अजून बाकी हवी. माझा विक्रेता देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मी शहाण्यासारखं बिल वेळेवर भरून मोकळा! इथे वेळेवर पैसे भरणाऱ्याचंच नुकसान होतं.

राज्याच्या ग्राहक खात्याने माझी तक्रार विक्रेत्याला पाठवली आणि त्याने उत्तर दिलं नाही म्हणून फाइल बंद केली. पुन्हा वाचा. चोराने उत्तर दिलं नाही म्हणून बंद! पोलिसांनी "दिवाणी मामला" म्हणून परत पाठवलं. एका सरकारी पोर्टलने तक्रार क्रमांक दिला, तो माझ्याकडे जपून ठेवलाय, फ्रेम करीन म्हणतो. साइटवाल्यांना 2023 पासून लागू झालेला इन्फॉर्म कायदा दाखवला. बारा महिन्यांत 200 विक्री आणि 5000 डॉलरची उलाढाल झाली की विक्रेत्याची ओळख साइटने पडताळलीच पाहिजे. उत्तर आलं, हा विक्रेता त्या मर्यादेत बसत नाही. बसेल कसा? मर्यादा जवळ आली की नवं खातं उघडायचं, एवढी अक्कल त्याला आहे.

नवा संच मी काउंटरवरून घेतला आणि तिथेच मायक्रोमीटर काढून मोजला. काउंटरवाला माझ्याकडे बघत राहिला, बघू दे. सोबत लिफ्टर सरळ धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे चारही ट्रे नवे घ्या. जुन्या सैल ट्रेमध्ये चांगला लिफ्टरही फिरून आडवा होतो आणि कॅम खातो. त्यात कंजुषी नको.

तोच माल आता वेगळ्या नावाच्या खात्यावर 134.95 ला लागलाय. फोटो तेच आहेत, डब्याखाली हिरवट गालिचा आणि डाव्या कोपऱ्यात टेबलाचा पाय. दिसला की रिपोर्ट करा. काही होणार नाही, तरी करा.