टेली-मानस १४४१६: कॉल लागतो, पुढचा धागा तुटू देऊ नका

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन मोफत, चोवीस तास, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर तज्ज्ञांकडे जोडतात. सेवा चांगलीच आहे, पण माणूस निसटतो तो नंतर. कोल्हापुरात करवीर-कागलकडं घरात फोन एकच असेल, तर हेल्पलाइनचा परतीचा कॉल सगळ्यांसमोर वाजतो आणि ‘बरं आहे’ म्हणून ठेवला जातो. तेव्हा पहिल्याच कॉलमध्ये समुपदेशकांना सांगा: कधी फोन करायचा, दुसऱ्यानं उचलला तर काय बोलायचं. मरणाचे विचार येतात हे स्पष्ट बोला. तो गुन्हा नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीला जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि विश्वासातलं माणूस सोबत हवंच. फवारणीचं औषध शेजाऱ्याकडं कुलपात ठेवा. जीव धोक्यात असेल तर थेट १०८.