सिक्स मिनिट इंग्लिश: वर्षभर मुलांच्या हातात देऊन बघितलं

तालुक्याच्या कॉलेजात एफवाय-एसवायच्या मुलांना इंग्रजी शिकवते, बहुतेक सगळी मराठी मीडियमची, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम कुठलं ॲप घेऊ, कुठला क्लास लावू. मी वर्षभर एकच सांगतेय, बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश, हा सहा मिनिटांचा ऑडिओ कार्यक्रम ऐका. फुकट आहे, ऑडिओ डाउनलोड होतो, ट्रान्सक्रिप्टपण, म्हणजे बोललेलं लिहून, मिळते. बीबीसी १९४३ पासून इंग्रजी शिकवतेय आणि ते जाणवतं, दोघं जण गप्पा मारतात, सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतात आणि उत्तर शेवटी देतात म्हणून पोरं मधेच बंद करत नाहीत, आणि शब्द सहाच घेतात पण नीट उलगडून सांगतात.

पण भाग कुठला ऐकायचा ते मी सांगत नाही. ज्याने त्याने आपला निवडायचा आणि वहीत तारीख, विषय, न कळलेलं वाक्य एवढंच लिहायचं. पहिले दोन आठवडे "मॅडम तुम्हीच सांगा ना" हेच चालू होतं, बारावीपर्यंत गाईड पाठ करून आलेल्या मुलांना निवडायला कुणी सांगितलेलंच नसतं, त्यांचा काय दोष! मग एसटीने येणारी एक मुलगी वही घेऊन आली, म्हणे मॅडम यांचं चुकलंय, ऑडिओत आहे ते कागदावर नाहीये. तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा, शेजारी तिला ऐकू आलेले शब्द. ही ट्रान्सक्रिप्ट शब्दशः नाही असं त्या कागदावर वरतीच लिहिलेलं असतं, ते या मुलीने वाचलं नव्हतं, पण छापलेल्यापेक्षा स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला तिने, मला खरंच भरून आलं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक आँरी होलेक यांनी १९८१ मध्ये लर्नर ऑटोनॉमीबद्दल लिहिलं होतं की आपल्या शिकण्याची सूत्रं आपणच हातात घ्यायची, ते हेच ना.

ज्यांचं बेसिक कच्चं आहे त्यांना वेग झेपत नाही, त्यांना मी आधी बीबीसीचंच द इंग्लिश वी स्पीक ऐकायला लावते, छोटंसं असतं, एकच वाक्प्रचार. बोलायचा सराव मात्र यात अजिबात नाही, त्यासाठी जोड्या लावून ऐकलेलं एकमेकांना सांगायला लावावं लागतं.

शिकवणाऱ्यांना कळकळीने सांगते, याला मार्क ठेवू नका. मी एका सेमिस्टरला इंटर्नलचे पाच मार्क ठेवले आणि निम्म्या वह्यांत तोच भाग, तेच न कळलेलं वाक्य.