ब्रसेल्समधील सौरडागांची नोंदवही: ‘सिल्सो’ विदासेवेचे परीक्षण

अवकाशातील हवामानाचा, म्हणजे सूर्याच्या घडामोडींमुळे पृथ्वीभोवती होणाऱ्या बदलांचा, दीर्घ इतिहास अभ्यासू इच्छिणाऱ्याने आरंभ बेल्जियमच्या शाही वेधशाळेतील ‘सिल्सो’ या जागतिक विदाकेंद्रापासून करावा, असे मी निःसंकोचपणे सुचवेन. सौरडागांची, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावरील काळसर डागांची, वार्षिक संख्या १७०० पासून, मासिक १७४९ पासून आणि दैनिक १८१८ पासून येथे विनामूल्य मिळते. स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वुल्फ यांनी झुरिचमध्ये घालून दिलेली मोजणीची ही परंपरा १९८१ मध्ये ब्रसेल्सकडे आली. डागांच्या समूहांची दहापट आणि एकूण डाग यांची बेरीज करायची व तिला निरीक्षकागणिक ठरलेल्या गुणकाने गुणायचे, इतका साधा हा नियम असल्यामुळेच जुन्या दुर्बिणींच्या नोंदी आजच्या नोंदींशेजारी ठेवता येतात.

या सेवेबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो तो १ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झालेल्या सुधारित मालिकेमुळे. मोठ्या डागांना अधिक वजन देण्याच्या झुरिचमधील पद्धतीमुळे १९४७ पासून आकडे फुगले होते. तो दोष दूर करण्यात आला आणि ०.६ हा जुना गुणकही वगळण्यात आला. पहिल्या बदलाने आकडे घटले, पण दुसऱ्याने त्याहून अधिक वाढले. परिणामी एकोणिसाव्या सौरचक्राचा, म्हणजे डाग वाढण्या-घटण्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्याचा, कळस २०१.३ वरून २८५.० वर गेला. म्हणून जुन्या ग्रंथातील आकडा नव्या मालिकेत मिसळू नये. दैनिक फाइल वापरताना आणखी एक काळजी घ्यावी: ज्या दिवसाची नोंद नाही तेथे उणे एक लिहिलेले असते, आणि ते न गाळता काढलेली सरासरी चुकते.

मात्र ही संख्या दीर्घकालीन कल सांगते, एकेका सौरवादळाची तीव्रता सांगत नाही. विसाव्या चक्राचा कळस १९६८ मध्ये होऊन गेला होता, तरीही अपोलो १६ आणि १७ या चांद्रमोहिमांच्या मधल्या काळात, ऑगस्ट १९७२ मध्ये, अतितीव्र सौर प्रारणाचा मारा झाला. शिवाय डाग कमी असताना आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण उलट अधिक प्रमाणात सूर्यमालेत आत पोहोचतात, त्यामुळे लहान आकडा म्हणजे अंतराळवीरांसाठी सुरक्षित काळ, असा अर्थ काढता येत नाही. वादळांसाठी भूचुंबकीय नोंदीच पाहाव्या लागतात. सप्टेंबर १८५९ मधील महावादळात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात झालेली मोठी घट मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने टिपली होती आणि ते काम १९०४ पासून अलिबागेत चालू आहे. सिल्सोची मालिका या नोंदींबरोबर वाचली, तरच तिचे खरे मोल हाती येते.