हेड उडालंय म्हणून २६,६०० घेतले, हेड उघडलंच नव्हतं

गॅरेजवाल्याने इंजिनचं हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, उघडून काम केल्याचं सांगून घेतलेले २६,६०० रुपये. टोचनचे १,८०० वेगळे. आणि गाडीत गेलं काय होतं तर फॅनचं कपलिंग (इंजिनचा जोर फॅनला देणारा पार्ट), जे नंतर कळव्याच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीने २,८५० ला आणून ६०० मजुरीत बसवून दिलं. ३,४५० चं काम. अजून लिहिताना हात थरथरतोय रागाने, आणि घरी खरा आकडा सांगितलेला नाही.

गाडी २०१० ची बोलेरो पिकअप, मंडप डेकोरेशनचा धंदा, बांबू कनाती खुर्च्या सगळं हिच्यावरच. एप्रिलपासून असं व्हायचं की ठाणे-बेलापूर रोडला पळत असली की तापमानाचा काटा मध्ये शांत, आणि महापेवरून शिळफाट्याला येऊन ट्रॅफिकमध्ये अडकलो की काटा लाल. जुनी डिझेल चालवणाऱ्यांना एवढ्यावरच कळलं असेल. पळत्या गाडीत वारा आपोआप रेडिएटरमधून (इंजिनचं पाणी थंड करणारी जाळी) जातो, उभ्या गाडीत तो फॅनलाच ओढावा लागतो, त्यामुळे उभी असताना गरम आणि पळताना थंड म्हणजे आधी फॅन बघ. उलट असेल, म्हणजे लोड घेऊन चढावर गरम होत असेल, तर रेडिएटर आतून चोक, थर्मोस्टॅट, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) हे बघायचं. मी त्या गॅरेजवाल्याला हे सगळं शब्द न शब्द सांगितलं होतं की ट्रॅफिकमध्येच होतं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, "शेठ, हेड उडालंय."

गाडी तिथे नेली टोचनवाल्याने. त्याचं आणि गॅरेजचं काय सेटिंग असतं ते तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं होतं ओळखीच्याकडे कळव्याला घे, तर म्हणे मुंब्रा बायपासला जाम आहे, इथेच जवळ चांगला माणूस आहे. गाडी बंद पडली की टोचनवाला सुचवेल ते गॅरेज घ्यायचं नाही, जास्तीचे हजार गेले तरी चालतील.

आता पुरावा बघा काय दाखवला. इंजिन गरमच होतं, त्याने फडकं टाकून रेडिएटरचं झाकण फिरवलं, पाणी भसकन वर उडालं, आणि म्हणतो बघा कॉम्प्रेशन पाण्यात येतंय, म्हणजे हेडखालचं गॅस्केट (सील) जळून सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. अरे गरम इंजिनचं झाकण उघडल्यावर पाणी उडणारच! ते झाकण प्रेशरचंच असतं, प्रेशरमुळे पाणी शंभरच्या पुढेही उकळत नाही, आणि उघडलं की एकदम उकळी फुटते, कुकरचं झाकण जबरदस्तीने काढल्यासारखं. चांगल्यातल्या चांगल्या गाडीचं पण असंच होईल. (आणि तुम्ही हे करू नका, तोंड भाजेल.) खरं बघायचं असेल तर इंजिन पूर्ण थंड, झाकण काढून स्टार्ट, आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते बघा. ऑइलची काडी काढा, ऑइल दुधाळ झालंय का बघा. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर, पाणी कुठे न गळता कमी होणं. माझं ऑइल काळं स्वच्छ होतं, पाणी कमी होत नव्हतं. ह्यातलं एकही नव्हतं.

पण लग्नाचा सीझन, दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला हळद होती, गाडी भाड्याची मिळत नव्हती. १५,००० जीपे केले. आता म्हणतील लोक घाई का केली. तुम्ही उभे राहा त्या जागी, पार्टीचा दर दहा मिनिटांनी फोन, मग बोला.

आणि मग तो फोटो. ह्या फोटोने माझी झोप घालवलीय. मांडवात उन्हात उभा होतो, व्हॉट्सअपवर फोटो आला, जळकं गॅस्केट, खाली मेसेज "शेठ देखो पूरा जल गया". मी अंगठा पाठवला. नंतर, पैसे गेल्यावर, रात्री तोच फोटो मोठा करून बघितला तर त्या गॅस्केटला मोठी भोकं तीन. तीन! प्रत्येक सिलेंडरला एक भोक असतं, आणि माझं इंजिन चार सिलेंडरचं आहे. दुसऱ्याच कुठल्या गाडीचं भंगार ठेवलेलं असणार, येईल त्याला दाखवायला. चार बोटं मोजता येतात मला, पण चटके बसणाऱ्या उन्हात पाच इंचाच्या स्क्रीनवर कोण भोकं मोजतं? फोटो नका घेऊ, समोर जा, किंवा कामाआधी बोल्टवर पेंटचा ठिपका मारून ठेवा आणि जुना पार्ट गाडीतच ठेवायला सांगा.

बिल असं: गॅस्केट किट ४,२००, हेड फेसिंग २,५००, वॉटर बॉडी ३,४००, रेडिएटर सफाई २,२००, कूलंट १,४५०, थर्मोस्टॅट ९५०, ऑइल-फिल्टर २,९००, मजुरी ९,०००. उरलेले ११,६०० रोख मागितले, म्हणे जीपेवर लिमिट संपलं. बिलावर नाव नाही, जीएसटी नाही, वर लिहिलंय 'एस्टिमेट'.

गाडी काही दिवस बरी चालली. बरी म्हणजे काटा वर यायचाच नाही, मी खूश. थर्मोस्टॅट नवा टाकलाच नव्हता, जुनाही काढून फेकला होता. तो साधारण ८० डिग्रीच्या पुढे उघडतो, तोपर्यंत इंजिन तापू देतो, नसला की पाणी सुरुवातीपासूनच फिरत राहतं, काटा खाली राहतो आणि डिझेल जास्त पितं. काटा पूर्वीपेक्षा खाली दिसला तर खूश होऊ नका. शेवटी शिळफाट्याच्याच जाममध्ये परत लाल.

कळव्याच्या काकांनी बंद इंजिनवर फॅन हाताने फिरवला, तो गरगर फिरतच राहिला. "कपलिंग गेलंय, ह्याला थोडा तरी जोर लागला पाहिजे," एवढंच बोलले. मग टॉर्च मारून मॅनिफोल्डला (हेडला लागलेला, इंजिनचा धूर गोळा करणारा भाग) सायलेन्सरचा पाइप लागतो ते नट दाखवले, वर्षानुवर्षांचा गंज, पाना लागल्याची खूणच नाही. तो पाइप सोडवल्याशिवाय हेड निघतंच नाही म्हणाले. वॉटर बॉडी पण जुनीच, फक्त काळा स्प्रे मारलेला. कूलंट म्हणजे नळाचं पाणी आणि हिरवा रंग.

आता तक्रार. चौकीत गेलो, म्हणे हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. मी म्हटलं साहेब न केलेल्या कामाचे पैसे घेतले, ही सरळ चारशेवीस, आता नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८. तर म्हणे गाडी बंद पडली ती जागा ठाणे पोलिसांची, गॅरेज नवी मुंबई आयुक्तालयात, तिकडे जा. तिकडे म्हणे पैसे तुम्ही डोंबिवलीत बसून पाठवले ना, मग तिकडे जा. झीरो एफआयआरचं (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) बोललो तर हसले, "ते मोठ्या केसला." एकाने तर विचारलं, तीन भोकांचा फोटो हा कसला पुरावा? मी काय गॅस्केट घेऊन येऊ का? अर्जावर शिक्का मागितला तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला, आणि तो जेवायला गेला की गेलाच. पाचशे रुपयाचा दंड घ्यायला हीच माणसं शिळफाट्यावर उन्हात उभी राहतात.

ग्राहक म्हणून तक्रार करायला गेलो तर एक वकील म्हणे गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. खोटं आहे हे, लक्षात ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे, स्वतःच्या रोजगारावर पोट भरण्यासाठीच वापर असेल तर तो व्यापारी वापर धरत नाहीत. आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. हे मला कोणी सांगितलं नाही, स्वतः शोधलं.

अर्ज तयार आहे, जीपेची पावती, तो फोटो, गंजलेल्या नटांचे फोटो आणि काकांचं बिल जोडलंय. महापे-शिळफाटा पट्ट्यात कोणाला असं बिननावाचं 'एस्टिमेट' मिळालं असेल आणि हेडचं काम केल्याचं सांगितलं असेल तर टॉर्च मारून ते नट बघा, फोटो काढा, आणि मला कळवा. एकट्याच्या अर्जाला ते शिक्का मारत नाहीत.