पुलाची बेअरिंग घेताय? आधी काट्यावर ठेवा

ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं काम आमच्याकडे होतं. गर्डरखालची, म्हणजे पुलाच्या तुळईखालची निओप्रिन बेअरिंग (तुळई आणि खांबाच्या मधल्या कृत्रिम रबराच्या गाद्या) एका सप्लायरकडून मागवली. "साहेब, माल कंपनीचाच, फक्त बिल आमचं," म्हणत त्याने निम्मे पैसे आगाऊ घेतले. भाव बाजारापेक्षा थोडाच कमी, संशय येणार नाही इतपत. या लोकांचं गणित तिथेच पक्कं असतं.

माल आला तो काळा कुळकुळीत, सोबत शिक्का मारलेलं टेस्ट सर्टिफिकेट. आमच्या स्टोअरकीपरने एक नग उचलला आणि म्हणाला, "दादा, हलकं लागतंय हे." काट्यावर अकरा किलोसुद्धा भरेना. ड्रॉइंगमध्ये 250 बाय 400, उंची 52 मिलिमीटर, आत 3 मिलिमीटरच्या 4 पोलादी प्लेटा. एकेक प्लेटच दोन किलोच्या वर. रबर धरून नग चौदाच्या पुढे जायला हवा.

मधोमध कापला. आत दोनच प्लेटा, त्याही तिरक्या. कडेला 6 मिलिमीटर रबर हवं, तिथे नुसता पापुद्रा. स्क्रूड्रायव्हर घातला तर प्लेट अख्खी सुटून हातात. साच्यात उष्णता आणि दाब देऊन एकसंध केलेलं नव्हतंच, तुकडे चिकटवलेले. आयआरसी 83 मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलाच्या बेअरिंगसाठीच्या नियमावलीत, हे चालतच नाही. वास तर थेट जुन्या टायरचा.

भार आला की नुसतं रबर दाबलेल्या वड्यासारखं बाजूने फुगतं. प्लेटा ते आवरतात, तरी आडवं सरकायला रबर मोकळं राहतं. 20 मीटरचा काँक्रीट गर्डर 30 अंशांच्या फरकाने सुमारे 7 मिलिमीटर लांबतो. ते बेअरिंगने सोसलं नाही तर ताण पिअरच्या, म्हणजे पुलाच्या खांबाच्या माथ्यावर. आणि फाटलेलं बेअरिंग बदलायचं म्हणजे गर्डर जॅकवर उचलणं आलं.

सर्टिफिकेट खरं निघालं, पण दुसऱ्याच लॉटचं. लॅबला फोन केल्यावर कळलं. तेव्हा नगावरचा नंबर जुळवा आणि चाचणीचा नग स्वतः निवडून पाठवा. नुसत्या वजनावरही जाऊ नका, एकच जाड पत्रा घालून वजन भरणारे आहेत.

पोलिसांत अर्ज दिलाय, आगाऊ रक्कम अडकलीय. सप्लायर आता माल परत न्यायला रोज माणूस पाठवतोय. देत नाही. इथून उचलला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी साइटवर उतरवणार.