गोपनीय कागदांसाठी श्रेडर: पी-७ च घ्या

श्रेडर म्हणजे कागदाचे तुकडे करणारं यंत्र. पी-१ ते पी-७ या त्याच्या सुरक्षा पातळ्या; आकडा जितका मोठा, तितका तुकडा लहान. ऑफिसात सर्रास दिसणारा पी-४ श्रेडर बिलं, पगारपत्रकं यांना पुरतो. लष्करी गोपनीय कागदांना अजिबात नाही. त्याचा तुकडा १६० चौरस मिलिमीटरपर्यंत असू शकतो, म्हणजे त्यावर अख्खा शब्द वाचता येतो. पी-७ चा तुकडा जास्तीत जास्त ५ चौरस मिलिमीटर, रुंदी १ मिलिमीटरच्या आत. एका ए-४ कागदाचे १२ हजारांहून अधिक तुकडे. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात कापलेल्या लांब पट्ट्या नंतर जुळवून वाचल्या गेल्या, हे खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावं.

किंमत जास्त, वेग कमी, आणि यंत्र नाजूक. दाते बारीक असल्याने स्टेपलच्या पिनांनी धार जाते. त्या आधी काढाच. दरवेळी पिशवी बदलताना तेल द्या. तेल चुकलं की भुगा दात्यांत घट्ट बसतो, कागद अडकतो आणि लोक तो अर्धवट कापलेला कागद सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकतात. खरी गळती तिथेच होते! अडकलेला कागद यंत्र उलटं फिरवून काढा आणि पुन्हा आत घाला. पेनड्राइव्ह यात घालू नका, त्याला वेगळं यंत्र लागतं.