लो सोडियम मीठ: आमटीत पास, ताकात काठावर

साध्या मिठापेक्षा बरंच महाग पडतं हे आधीच सांगते, तरी सासूबाईंच्या बीपीमुळे आमच्याकडे आता हेच येतं. यात थोडं सोडियम क्लोराइड काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घालतात, बाकी जादू काही नाही.

मी हे जाहिरात बघून नाही घेतलं बरं का. ब्रूस नील म्हणून संशोधक आहेत, त्यांच्या टीमने चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळजवळ २१,००० लोकांवर हा प्रयोग केला, म्हणजे ज्यांना आधी स्ट्रोक येऊन गेलाय किंवा साठी उलटलीय आणि बीपी हाय आहे अशी माणसं, अर्ध्या गावांना ७५ टक्के साधं नि २५ टक्के पोटॅशियमवालं मीठ, बाकीच्यांचं नेहमीचंच चालू, आणि पावणेपाच वर्षांत स्ट्रोकचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी! २०२१ मध्ये छापून आलंय हे.

चवीचं म्हणाल तर आमटी-भाजीत कोणाला पत्ता लागत नाही, ताकात आणि काकडीवर वरून घेतलं की जिभेच्या मागे किंचित कडवट लागतं. लोणचं-पापडातलं मीठ तर तसंच पोटात जातं, त्याला हे काय करणार.

राग एकाच गोष्टीचा, किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घ्यायचं नसतं, आणि ती सूचना पाकिटामागे मुंगीएवढ्या अक्षरात. समोर मोठ्ठं लाल हार्ट मात्र छापलंय. चार स्टार.